सुतावरून स्वर्ग

आमच्या शेजारच्या काकांनी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा कॉलनीत पहिली शंका आली ती अतिक्रमणाची. दुसरी आली काकांच्या डोक्याची. विमानाची शंका पुष्कळ उशिरा, म्हणजे त्या सांगाड्याला शेपूट फुटल्यावर आली. तोपर्यंत निम्मी कॉलनी समजत होती, की काका हळदी-कुंकवाच्या मंडपाचा फोल्डिंग सांगाडा करताहेत आणि उरलेली निम्मी समजत होती, की तो गोबर गॅस आहे. वर्धेत निवृत्त माणूस मागच्या अंगणात काही खटपट करू लागला, की ती गोबर गॅसच असणार, ही आमच्या गावाची परंपरा आहे.

काका हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर आणखी कुठे कुठे नोकऱ्या केल्या, घर बांधलं, मुलींची लग्नं केली. पण त्यांच्या मनात एक सल राहिला होता. "वीस वर्षं मी पाना धरला रे," ते म्हणायचे, "आणि दांडा दुसऱ्याने धरला." विमानं दुरुस्त करायची त्यांनी आणि उडवायची दुसऱ्यांनी. पासष्टी उलटल्यावर माणसं काशी-रामेश्वराला जातात. काकांनी दोन आसनी विमानाचे नकाशे मागवले.

शेडच्या दारावर आतल्या बाजूने एक जुनं कात्रण चिकटवलेलं आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं, त्याचं ते कात्रण. ते विमान गच्चीवरून खाली उतरवून २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं. नोंदणीचा कागद हाती आला २०१७च्या नोव्हेंबरात आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कात्रण दाखवतात आणि वर म्हणतात, "त्यांची गच्ची होती. आपल्याकडे तर शेड आहे. उतरवायचा प्रश्नच नाही."

खरं सांगायचं, तर वर्धा जिल्ह्यात घरगुती यंत्राला कुणी हसू नये. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरखा शोधून काढणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. एकोणतीस सालचे एक लाख! अट अशी, की चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत बसली पाहिजे. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही हा भाग निराळा. पण घरी बसून काहीतरी जुळवावं, फिरवावं, पुन्हा उसवावं, हा नाद या मातीत आहे. गांधीजींनी १९३८ साली उघडलेल्या मगनवाडीच्या संग्रहालयात जाऊन पाहा, चरख्यांच्या इतक्या तऱ्हा दिसतील, की आमचे काका त्यापुढे अगदी सनातनी वाटावेत.

काकूंचा मात्र या सगळ्यावर एकच प्रश्न होता. "उडतं की नाही, ते मला सांगू नका," त्या म्हणायच्या, "थांबतं का, ते सांगा."

त्यावर काकांनी त्यांना राइट बंधूंची गोष्ट सांगितली. १७ डिसेंबर १९०३. पहिलं उड्डाण, बारा सेकंद, एकशे वीस फूट. काकूंनी विचारलं, "आणि थांबले कसे?" काका जरा घुटमळले. कारण त्या विमानाला मुळी चाकंच नव्हती. ते रुळावरून सुटलं आणि घसरपट्ट्यांवर वाळूत टेकलं. ब्रेक नावाची वस्तू त्यात नव्हतीच. काकू म्हणाल्या, "बघा! म्हणजे निघायचं ठरवलं होतं, थांबायचं कुणी ठरवलंच नव्हतं. घरोघरी पुरुषांचं हेच." मात्र त्याच बोलण्यात त्यांनी एक कबुली देऊन टाकली. ब्रेक लागतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर दुसऱ्या खुर्चीत आपण बसू. काकांनी पाना खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं, "नक्की?" त्या विमानाला दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीत कोण बसणार, हे तोवर ठरलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

माझा या प्रकरणात प्रवेश झाला तो यादी करण्यासाठी. मी बँकेत कारकून. कॉलनीत कुणालाही कसलाही कागद भरायचा असला, की तो माझ्या दारी येतो. काका म्हणाले, "तू बी.कॉम. ना? दोन बाजू जुळवता येतात ना? मग ये. इथेही तेच आहे."

मला वाटलं होतं, ब्रेक म्हणजे एक पेडल आणि एक तार. काकांनी कागदावर आकृती काढली. विमानाच्या डाव्या चाकाला ब्रेक वेगळा, उजव्या चाकाला वेगळा. डावा पाय दाबला, की डावं चाक थबकतं आणि विमान डावीकडे वळतं. प्रत्येक पेडलामागे एक छोटा सिलिंडर. त्यातून तेल निघतं, नळीने पायाखालच्या पत्र्यापर्यंत येतं, पत्र्यातून आरपार जातं, पुन्हा नळीने चाकाच्या दांडीवरून खाली उतरतं आणि ब्रेकच्या जबड्यात शिरतं. एका बाजूला सहा सांधे, दोन्ही मिळून बारा. "बारा ज्योतिर्लिंगं समज," काका म्हणाले. "एक जरी चुकलं, तर यात्रा फुकट."

त्या बारा सांध्यांसाठी जे तुकडे लागतात, त्यांना फिटिंग म्हणतात. ते परदेशी सूचिपत्रातून निवडायचे होते. सूचिपत्रात प्रत्येक तुकड्यापुढे एएन, मग एक आकडा, मग आडवी रेघ आणि पुन्हा आकडा. एएन म्हणजे 'आर्मी-नेव्ही', अमेरिकेच्या लष्कराने आणि आरमाराने मिळून ठरवलेलं माप. रेघेपुढचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. मी गोंधळून गेलेला पाहून काका म्हणाले, "अरे, रुपयाचे आणे किती? सोळा. मग इंचाचेही सोळा. डॅश चार म्हणजे चार आणे, पाव इंच. डॅश आठ म्हणजे आठ आणे, अर्धा इंच. अमेरिकेचं विमान अजून आण्यांत चालतं." माझा जन्म दशमान पद्धतीनंतरचा, पण बाजारात चार आणे-आठ आणे ऐकतच मी मोठा झालो. त्या दिवशी मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

तो फार टिकला नाही. कारण पेडलामागच्या सिलिंडरला आणि चाकाच्या जबड्याला जे भोक होतं, त्याचं माप लिहिलं होतं एक अष्टमांश इंच. एक अष्टमांश म्हणजे आपल्या मिस्त्री लोकांच्या भाषेत एक सूत. आठ सुतांचा इंच. मी पट्टी लावली. भोक चांगलं सव्वातीन सूत भरलं! काका म्हणाले, पाइपाच्या आट्यांचं असंच असतं. फार पूर्वी कधीतरी आतल्या पोकळीवरून नाव पडलं, ते तसंच चिकटून राहिलं. मला हे पटलं. आमच्याकडे पगारपत्रकावर असलेला आकडा आणि हाती येणारा आकडा यांचं नातं असंच आहे.

"असली एल्बो आपल्या गोल बाजारात मिळेल की," मी म्हणालो. काका हसले आणि म्हणाले, "जाऊन ये."

हार्डवेअरच्या दुकानात मी ऐटीत म्हणालो, "एक सुती एल्बो द्या."

"कायले पाह्यजे जी?"

विमानाला, असं सांगायचं धाडस झालं नाही. "ब्रेकला," मी म्हणालो.

"ब्रेकले एल्बो?" दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घ्या बाप्पा. आपल्याले काय."

ती एल्बो मी काकांच्या नमुन्यात फिरवून पाहिली. दोन आटे अगदी गुण्यागोविंदाने गेले. तिसऱ्याला अडली. दुकानदार म्हणाला, "सुतळी-सफेदा मारा आन पान्यानं आवळा. चुडी आपोआप जमते. नाहीच जमली त टेफ्लॉन हायेच ना!"

घरी आल्यावर काकांनी दाताळी पट्टी लावून दाखवली. आपल्याकडे नळाला जे आटे असतात ते बीएसपी. (हा पक्ष नव्हे, इंग्रजांचं पाइपाचं माप आहे.) त्यात या आकाराला एका इंचात अठ्ठावीस आटे. विमानाच्या भोकाला अमेरिकेचे एनपीटी आटे, त्यात इंचाला सत्तावीस. शिवाय एकाच्या आट्याचा कोन पंचावन्न अंश, दुसऱ्याचा साठ. "म्हणजे एकाच आट्याचा फरक!" मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. संध्याकाळी रोकड एक रुपयाने कमी भरली तर आम्ही घरी जात नाही, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलेलं होतं.

इंग्रजीत आट्यांनाही 'थ्रेड'च म्हणतात आणि सुतालाही 'थ्रेड'च. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून आम्हाला सूत जुळेना!

आता मी जे सांगणार आहे, ते आमच्या घरात अजून सांगायला बंदी आहे.

काका एका लग्नासाठी आठ दिवस अमरावतीला गेले. शेडची किल्ली माझ्याकडे. सिलिंडर आले होते, जबडे आले होते, निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे एएन तुकडेही भोकांत बसले होते. राहिल्या होत्या फक्त नळ्या. मला वाटलं, काका परत येईपर्यंत एक बाजू तरी जोडून ठेवू. माणसाला मदत करण्याची हुक्की येते ती नेमकी त्याला काही येत नसतं तेव्हाच.

त्याच सुमारास आमच्या फ्रिजचा गॅस गेला म्हणून मेकॅनिक आला होता. त्याच्या पेटीत पाव इंची तांब्याची नळी होती आणि पितळी नट होते. मी सहज त्यातला एक नट उचलला आणि शेडमध्ये जाऊन निळ्या तुकड्यावर फिरवला. काय सांगू! लोण्यात सुरी जावी तसा शेवटपर्यंत गेला. अडला नाही, हलला नाही. चार आणे इंचाच्या एएन तुकड्याला इंचात वीस आटे. फ्रिजच्या पाव इंची नटालाही वीस. आणि दोघांची जाडीही तीच. सूत जुळलं! मला तर मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद झाला. मेकॅनिकने नळीच्या टोकांना पिचकारीच्या तोंडासारखी फुलं पाडून दिली, नट ओवून दिले आणि मी डावी बाजू जोडून टाकली. तेल हवं होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मी मोटारसायकलच्या ब्रेकचं तेल आणलं, डॉट-३. ब्रेकला ब्रेकचं तेल, यात विचार करण्यासारखं काय होतं?

पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. चाक हाताने फिरेना. मी धावत काकूंकडे गेलो.

काकू पदर खोचून आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्या सांगाड्यात चढल्या, तेही काका गावात नसताना. खुर्चीत बसल्या. हळूच पाय पेडलावर ठेवला. "थांबतं का रे?" "दाबा ना, काकू." त्यांनी दाबलं. मी चाकाला जोर लावला, चाक ढिम्म. काकूंच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मला वाटलं, आता या म्हणणार, चल, उडवू या. त्यांनी मनापासून आणखी एकदा, सगळा जोर लावून पेडल दाबलं.

आधी एक थेंब. मग दुसरा. मग काकूंच्या पायाच्या अंगठ्यावर धार. पेडल सावकाश खाली गेलं आणि चाक गरगर फिरलं.

काकू काही बोलल्या नाहीत. उतरल्या, नळावर पाय धुतला आणि घरात गेल्या. संध्याकाळी सौ.कडे त्या एवढंच म्हणाल्या, "मला माहीतच होतं." सौ.ने ते वाक्य मला रात्री सांगितलं, सकाळी सांगितलं आणि बँकेत जाताना डबा देतानाही सांगितलं.

काका परत आले तोवर दोन गोष्टी आणखी झाल्या होत्या. जिथे जिथे ते तेल सांडलं, तिथला रंग उकलून आला होता. आणि पेडल आता सुटेनासं झालं होतं. म्हणजे आधी थांबत नव्हतं ते आता हलेना. सिलिंडर उघडला, तर आतल्या रबरी कड्या रुसलेल्या जावयासारख्या फुगून बसल्या होत्या.

काका मला रागावतील, अशी माझी तयारी होती. तयारी म्हणजे मी रजेचा अर्जही लिहून ठेवला होता. पण ते म्हणाले, "तुझ्या मुलीची कंपासपेटी आण." मुलगी कंपासपेटीसकट स्वतःच आली. काकांनी माझ्या नळीचं फूल तिच्या हातात दिलं आणि कोनमापक लावून मोजायला सांगितलं, मधल्या रेषेपासून. "पंचेचाळीस," ती म्हणाली. मग तो निळा तुकडा. त्याचं टोक शंकूसारखं असतं, तो शंकू मोजायला सांगितला. तिने दोनदा मोजला. "सदतीस, आजोबा."

बस. एवढंच होतं. फ्रिजवाले, मोटारवाले आपल्या नळीचं फूल पंचेचाळीस अंशांत पाडतात; विमानवाले सदतीस अंशांत. आठ अंशांचा फरक. घड्याळाचा मिनिटकाटा सव्वा मिनिटात जेवढा सरकतो, त्याहून किंचित जास्त. आटे तेच, जाडी तीच, नट शेवटपर्यंत जातो. पण गंमत अशी, की या प्रकारच्या सांध्यात तेल अडवायचं काम आटे करतच नाहीत. आटे फक्त दोघांना आवळून धरतात. तेल अडतं ते फूल आणि शंकू एकमेकांना अंगभर टेकतात तिथे. कोन वेगळा असेल, तर ते टेकतात फक्त एका बारीक रेघेवर. हलका दाब असेपर्यंत निभतं. जोर आला, की सुटतं. म्हणून तिथे टेफ्लॉन लावून उपयोग नाही आणि जोरात आवळलं तर फूल तडकतं.

"म्हणजे पत्रिकेत छत्तीस गुण जुळले आणि..." मी सुरुवात केली.

"आणि कोन जुळला नाही," काकू दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक.

तेलाचं पाप त्याहून मोठं होतं. मोटारसायकलचं तेल ग्लायकॉलचं. काकांच्या ब्रेकला लागतं ते खनिज तेल, लाल रंगाचं. विमानवाले त्याला नुसतं ५६०६ म्हणून ओळखतात. एकाचं रबर दुसऱ्याच्या तेलात टिकत नाही, मग ते कोणत्याही बाजूने उलटापालट करा. आणि तिसरं पाप तांब्याचं. हलणाऱ्या जागी तांब्याची नळी सतत थरथरून कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. तिथे होज हवी. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलच्या तारांची वेणी. काकांनी ही तिन्ही पापं मोजून दाखवली, पण आवाज चढवला नाही. मला त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या. नव्या कड्या परदेशातून यायला महिना लागणार होता. काकांनी दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण केली आणि शेडला कुलूप लावलं. काकूंनी खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही.

तो महिना मी प्रायश्चित्तात घालवला. नागपूरला ट्रॅक्टर-जेसीबीच्या होज करून देणारी दुकानं आहेत. तिथे सदतीस अंशांचं फिटिंग मिळतं, हे मी शोधून काढलं. त्याला जेआयसी म्हणतात. कोन तोच, आटेही तेच. मी विजयी मुद्रेने काकांना नमुना दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि म्हणाले, "गोत्र एकच आहे, पण शिस्त वेगळी. याच्या आट्यांना सैलपणाची मुभा जास्त. नांगराला उत्तम. माझ्या विमानाला नको." मी विचारलं, अगदी इतकं? तर म्हणाले, "खाली उतरून बाजूला उभं राहून चालणार असतं, तर मीही हेच लावलं असतं."

मग होजची लांबी काढायची होती. विमानाची होज कापडासारखी वारावर मिळत नाही. दोन्ही टोकं बसवून, दाबाची परीक्षा होऊन, नेमक्या लांबीची मागवावी लागते. आखूड झाली तर चाकाची दांडी लवली की ताणते, लांब झाली तर घासते. टेप वळणावरून जाईना. शेवटी काकूंनी आतून सुताची गुंडी आणून दिली, त्यांच्या सासूबाईंनी चरख्यावर कातलेल्या सुताची. पेडलापासून पत्र्यापर्यंत, पत्र्यापासून चाकापर्यंत आम्ही ते सूत प्रत्येक वळणावरून लावत गेलो, जिथे दांडी हलते तिथे थोडी ढील सोडली आणि मग ते सरळ करून पट्टीवर मोजलं. चार लांब्या. मी त्या लिहून घेतल्या, काकांनी तपासल्या, मी पुन्हा मोजल्या, मुलीने पुन्हा तपासल्या. बँकेत दोन सह्या लागतात. इथे चार झाल्या.

लाल तेलाचं मात्र वेगळंच रामायण. काकांच्या जुन्या नोकरीतल्या एका मित्राकडे नागपूरला ते होतं आणि त्याने ते सरबताच्या काचेच्या बाटलीत भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिलं. आता आमचा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा. नागपूरहून वर्ध्याला एस.टी.ने कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन येणारा माणूस कोण असतो, हे त्या मार्गावरच्या प्रत्येक प्रवाशाला जन्मतः माहीत असतं. मी बाटली मांडीवर घेतली. शेजारच्या गृहस्थांनी आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. बस हिसके देऊ लागली, तसा कागद फाटला आणि आतला तांबडा रंग चमकला. मागच्या बाईंनी "शिव शिव" म्हटलं.

कंडक्टर आला. "काय हाय जी हे?"

"ब्रेकचं तेल."

"लाल?"

"विमानाच्या ब्रेकचं."

कंडक्टर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अतिशय मायेने म्हणाला, "घरी बायको-पोरं हायेत ना भाऊ? मंग काहून करता असं?"

शेजारचे गृहस्थ आता माझ्याकडे वळले आणि वर्धा येईपर्यंत त्यांनी मला त्यांच्या मेहुण्याची गोष्ट सांगितली, की तोही आधी कबूल करत नसे. मी उतरताना त्यांनी माझा हात हातात घेतला. मी बाटली छातीशी धरून उतरलो. समोरच आमच्या शाखेचे एक जुने ठेवीदार उभे होते. त्यांनी नमस्कार केला नाही.

कड्या आल्या. होज आल्या. काकांनी बाराही सांधे स्वतः जोडले. जिथे निमुळते आटे, तिथे आट्यांना लेप, तोही पहिला आटा सोडून, म्हणजे तेलात कण जायला नकोत. जिथे शंकू, तिथे फक्त तेलाचा एक थेंब. ठरल्या जोराइतकंच आवळायचं, त्याला वेगळा पाना. प्रत्येक सांधा आवळला, की त्यावर लाल रंगाची बारीक रेघ. सांधा सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. माझ्याकडे काम होतं नुसतं टिकमार्क करायचं. बारा टिकमार्क झाले. चाकाकडून वर तेल भरत, हवेचे बुडबुडे काढत दुपार झाली. रात्रभर पेडल लाकडाने दाबून ठेवलं आणि खाली पांढरे कागद पसरले. सकाळी सहा वाजता मी जाऊन पाहिलं. कागद पांढरे होते. बाराच्या बारा.

रविवारी विमान शेडबाहेर काढलं. पंख नाहीत, इंजिन नाही, ते अजून पैशांच्या रांगेत उभं आहे. नुसती धड, शेपूट आणि चाकं. आमची गल्ली काकांच्या फाटकापासून उतरती आहे आणि तो उतार संपतो तो थेट माझ्या कंपाउंडच्या भिंतीशी, जिथे माझी मोटारसायकल उभी असते. मी ती हलवायला निघालो, तर काका म्हणाले, "राहू दे." यात विश्वास किती आणि सूड किती, ते मला कळलं नाही.

कॉलनी जमली होती. कुणीतरी म्हणालं, पुष्पक विमान आलं. काका म्हणाले, "पुष्पक वेगळं. ते एचएएलने बांधलं होतं, १९५८ साली उडालं, दोनच खुर्च्यांचं." विचारणाऱ्याला रावणाचं म्हणायचं होतं, त्यामुळे त्याला काही सुधरलं नाही.

काका डाव्या खुर्चीत बसले. मग सगळे काकूंकडे पाहू लागले. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढून फाटकाशी ठेवल्या, सौ.च्या खांद्याचा आधार घेतला आणि उजव्या खुर्चीत चढून बसल्या. मांडीवर पर्स. काकांनी पट्टा बांधून दिला, तर म्हणाल्या, "पदर अडकतोय."

आम्ही चौघांनी ढकललं. गाडं सुटलं. उतारावर आमचे हातही सुटले. विमान माझ्या भिंतीकडे निघालं, मागून आम्ही धावतोय, माझी मुलगी ओरडतेय, मी मनातल्या मनात मोटारसायकलचा उरलेला हप्ता आठवतोय. काकांची पाठ ताठ दिसत होती. आणि मग दोन्ही चाकं एकदम थांबली. शेपूट जरा उचललं, पुन्हा टेकलं. भिंत आणि विमान यांच्यात वीतभर जागा होती. तीत माझी मोटारसायकल होती. ओरखडा नाही.

मी आधी वाकून खाली पाहिलं. थेंब नव्हता. काकांनी पेडलावरचा पाय अजून उचलला नव्हता आणि ते समोर भिंतीकडेच पाहत होते. आम्ही काकूंना उतरवायला हात पुढे केला.

"थांबतं," काकू म्हणाल्या. पर्स नीट मांडीवर घेतली. "पण मी उतरत नाही अजून. वर न्या आणि आणखी एकदा सोडा. या खेपेला जरा जोरात."